अरीबाच्या डब्याची दोरी

४ मे
मंगळवार पेठ, कोल्हापूर

सबिना, सलाम.

पोरं सुखरूप आहेत हे आधी लिहितो, नाहीतर तू पुढचं काही वाचणार नाहीस. फोनवर मला ब्लॉक केलंस म्हणून पत्र. स्पीड पोस्टनं पाठवतोय, म्हणजे मिळालंच नाही असं म्हणायची सोय नाही.

तुझ्या मामूंनी आणि आमच्याकडच्या थोरल्यांनी बसून काय ठरवलं ते मला पाठ आहे. हा मे महिना पोरं माझ्याकडं. महिना नीट गेला तर दर सुट्टीत येणार. काही कमी-जास्त झालं तर पुन्हा कधीच नाही. आणि नीट गेला की नाही हे ठरवणार तू, सोलापुरात बसून. खेळायचं मी आणि शिट्टी तुझ्या हातात. असू दे. मी कुरकुर करत नाही, फक्त लिहून ठेवतोय.

काल पहाटेच दोघांना गाडीवर घालून जोतिबाच्या डोंगराला नेलं. अर्ध्या वाटेत गाडी लावली आणि जाळीत शिरलो. करवंदं पिकायला लागलीत. सोहेलनं काळं-हिरवं बघितलं नाही, दिसेल ते तोंडात टाकलं. ओठ चिकानं चिकटले तेव्हा रडला आणि रडून झाल्यावर पुन्हा खायला लागला. सहा वर्षांचा झाला तरी तुझा गुण काही त्याच्यात आला नाही, एकदा तोंड पोळलं की तू परत फिरकत नाहीस. अरीबानं मात्र ओढणीत भरून घेतली, एकसुद्धा खाल्लं नाही. "दादीला आणि अम्मीला," म्हणाली. अम्मी सोलापूरला आणि करवंदं दोन दिवसांत सडणार, हे नऊ वर्षांच्या पोरीला कळत नाही असं नाही. मग ते वाक्य कुणासाठी होतं?

दोघांच्या हातापायावर ओरखडे आहेत. ते काट्यांचे आहेत. फोटोत दिसले तर ते काट्यांचेच आहेत.

परवापासून पोहायला नेतोय. मीरासाब चाचा म्हणून आहेत, सत्तरीचे, आधी पत्र्याची कामं करायचे. गावाबाहेर एक मोठी विहीर आहे. ती काही त्यांची नाही, पण मे महिन्यात त्यांचीच असते. पेठेतली पंधरावीस पोरं रोज सकाळी तिथं. पाच किलोचा तेलाचा रिकामा डबा घ्यायचा, तोंड झाळून बंद करायचं, पोराच्या पाठीवर दोरीनं बांधायचा आणि पोराला ढकलायचं. डबा बुडत नाही, म्हणून पोरगं बुडत नाही. आमच्याकडं सगळे असेच शिकलेत. काळजी करू नकोस, मी स्वतः पाण्यात असतो. आणि दोघांच्या डब्याची दोरी मीच बांधतो, कुणाला हात लावू देत नाही. तीन गाठी. मोटारीची तार भरून ती रिवाइंड करणाऱ्याची गाठ आपोआप सुटत नसते.

एकच विचारायचं होतं. रोज संध्याकाळी सातला तू माझ्या आईच्या फोनवर पोरांशी बोलतेस. तेव्हा अरीबा फोन घेऊन गॅलरीत का जाते?

अझहर


९ मे

सबिना,

तुझं उत्तर मिळालं. "पोरांना ऊन लागू देऊ नका." पाच शब्द. पाकीट उलटं करून झटकून पाहिलं, आत आणखी काही नव्हतं.

ऊन लागत नाही. सकाळी सहाला निघतो, नऊला घरी. आठवड्यात पोरं काळी पडलीत हे खरं, पण ती पाण्यानं पडलीत. सोहेल डबा घालून आता काठानं फिरतो. काल त्यानं विहिरीतला बेडूक पकडून चड्डीच्या खिशात ठेवला आणि घरी येईस्तोवर बोलला नाही. आई किंचाळली तेव्हा मला कळलं. बुधवारी विहिरीवरून येताना उसाच्या रसवंतीवर थांबलो. अरीबानं दोन ग्लास घेतले. हसली पण. मग माझ्याकडं बघून हसायची थांबली. का थांबली?

काल मी तिला विचारलं, अम्मीशी काय बोललीस. "काही नाही," म्हणाली. मी घड्याळ लावलं होतं. अठरा मिनिटं काही नाही. सोहेल तीन मिनिटांत बेडकापासून रसापर्यंत सगळं सांगून मोकळा होतो, आणि ही अठरा मिनिटं काही नाही बोलते. सकाळी मला विचारते, "अब्बा, आज तुम्ही दुकानात किती वाजता जाणार?" हा प्रश्न तिचा नाही. मी तुझा आवाज ओळखतो, तो तिच्या तोंडातून आला तरी.

पोरीला माझ्या घरात हेर म्हणून पाठवली असशील तर तसं सांग. लपवण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

आणि दुसरं. मीरासाब चाचा मूळचे पेठ वडगावचे, तुझ्या अम्मीच्या गल्लीतले, हे मला काल दुसऱ्याच माणसाकडून कळलं. चाचा आठवडाभरात एकदाही बोलले नाहीत. तू तर आठ वर्षांच्या संसारात बोलली नाहीस. गावात ओळखी असतात, मान्य. पण ओळख लपवायला कारण लागतं.

आज अरीबा पाण्यातून वर आली तेव्हा डब्याला दोनच गाठी होत्या. मी तीन बांधल्या होत्या.

अझहर


१५ मे

सबिना,

आता माझ्याकडं पुरावा आहे.

सोमवारी दोरी बांधल्यावर डब्याच्या कडेला जिथं दोरी टेकते तिथं दोरीवर निळ्या पेनानं खूण केली. अरीबा वर आली तेव्हा खूण चार बोटं सरकली होती. मंगळवारी पाच. काल तर डबा तिच्या पाठीवर नुसता लोंबत होता, बाजारातून येणाऱ्या बाईच्या खांद्यावरच्या पिशवीसारखा. माझ्या पोरीच्या जिवाची दोरी कुणीतरी रोज सोडतंय, आणि माझं लक्ष सोहेलकडं असताना सोडतंय.

मी पंधरा पोरांसमोर चाचांना विचारलं. आवाज चढला माझा, नाही म्हणत नाही. चाचा विडी विझवून म्हणाले, "ढील द्यायची अस्ती की रं. रोज थोडी थोडी. पोराला कळू द्यायची न्हाय, म्हंजे पोरगं भीत न्हाय. माझ्या बापानं मला असंच शिकवलं."

मी म्हटलं, "थोडी ढील आणि लोंबता डबा यात फरक आहे. सोहेलची दोरी तर तशीच आहे. हिचीच का?"

"मग पोरगीलाच इचार."

अरीबा खाली बघत उभी. ओठ मिटलेले. अगदी तुझ्यासारखे, मी काही विचारलं की तू मिटायचीस तसे. मी चाचांना विचारलं, "तुम्हाला सोलापूरहून फोन येतो का?" ते हसले. एवढ्या पोरांसमोर हसले माझ्यावर. "तुझं डोकं लई फिरतंय, अझहर. तुझ्या दुकानातल्या मोटारीपरास," म्हणाले.

हसू देत. मी सरळ हिशेब मांडतो. पोरगी विहिरीत घाबरली, नाकातोंडात पाणी गेलं, एवढं जरी झालं तरी तुझं काम झालं. बापाला पोरं सांभाळता येत नाहीत. पुढच्या वर्षीचा विषय संपला. तू असं करशील असं मी म्हणत नाही. तुझ्या बाजूचं कुणीतरी करेल एवढंच म्हणतो.

त्या विहिरीवर आता जायचं नाही. वडगाव रस्त्याला आकाराम म्हणून माझं गिऱ्हाईक आहे, त्याच्या विहिरीची मोटार मीच भरून दिली. स्वच्छ विहीर आहे, पायऱ्या आहेत, भोवती आंबे आहेत, गर्दी नाही. आता दोरी मी बांधणार आणि मीच सोडणार.

अझहर


१८ मे

सबिना,

पोरं ठीक आहेत.

आज पोहायला गेलो नाही. उद्याही बहुतेक नाही. अरीबाचा घसा बसलाय, फोनवर कमी बोलली तर त्यामुळं. रस थंड होता. तिच्या कमरेला वळ दिसतोय असं सोहेल तुला म्हणाला असेल. तो करवंदीच्या जाळीचा आहे.

दुपारी आंब्याखाली सतरंजी टाकून पत्ते खेळलो. सोहेल जिंकला.

तुला कुणी काही सांगितलं असेल तर आधी मला विचार.

अझहर


२४ मे

सबिना,

मागचं पत्र खोटं होतं. पत्ते खेळलो एवढं खरं.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. हे वाचल्यावर तू काय ठरवशील ते मला माहीत आहे, म्हणून फाडत होतो. आता लिहितो, मध्ये थांबत नाही.

सतरा तारखेला सकाळी आकारामच्या विहिरीवर गेलो. आम्ही तिघंच. आकारामची सून संयोगिता वर हौदावर धुणं धूत होती. मी अरीबाला डबा बांधला. कुणाला सोडता येऊ नये म्हणून दोरी दुहेरी केली, पाच गाठी मारल्या, आणि पाठीवर सरकायला जागाच नको म्हणून डबा खाली, कमरेला आवळला. अरीबा म्हणाली, "अब्बा, खाली नका बांधू, वर बांधा." मला वाटलं, हे चाचांनी शिकवलेलं. मी आणखी आवळली.

तिनं उडी मारली. डबा कमरेला, त्यामुळं कंबर वर आली आणि डोकं खाली गेलं. ती पालथी पडली. तिला तोंड वर काढता येईना. हात मारत होती, पण जितकी धडपडायची तितकं तोंड आत जायचं. डबा तिला बुडू देत नव्हता आणि वरही येऊ देत नव्हता.

मी पायरीवर उभा होतो, सबिना. तिसऱ्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात. मला पोहता येत नाही. लग्नात तुझ्या भावांसमोर मी पंचगंगा पार करतो म्हणून सांगितलं होतं, ते खोटं. पहिल्या पत्रात पाण्यात असतो म्हणून लिहिलं ते हेच पाणी, गुडघ्याएवढं. अख्खं आयुष्य विहिरींच्या मोटारी दुरुस्त करतोय आणि एकाही विहिरीत उतरलेलो नाही. चौथ्या पायरीवर पाय टाकला आणि तो पुढं जाईना. पोरगी डोळ्यांसमोर होती आणि पाय जाईना. नुसता ओरडत राहिलो.

संयोगिता लुगड्यासकट वरून उडी मारून आली. अरीबाचं तोंड वर धरलं, मोटारीच्या पायपाला एका हातानं लटकली आणि माझ्यावर ओरडली, "ओ पावणं, डबा कमरंला बांधत्यात व्हय? बघत काय हुबा हाईसा, त्यो इळा फेका हिकडं." भिंतीच्या कोनाड्यात विळा होता. फेकता येईना, मग पायरीवर पालथा पडून मी तो आंबे उतरायच्या लांब बांबूच्या टोकाला अडकवून तिच्यापर्यंत पोचवला. तिनं दोरी कापली. पाच गाठी माझ्या, एकही सुटली नसती.

डबा एकटा तरंगत गेला. संयोगिता म्हणाली, "चल बाय, धर माझ्या गळ्याला, न्हेते तुला." अरीबा खोकत होती. खोकला थांबला तशी ती म्हणाली, "नको, मी येते."

आणि ती आली. पायपापासून पायरीपर्यंत बारा-पंधरा हात पाणी असेल. डबा नाही, दोरी नाही, डोकं वर, मुकाट्यानं हात मारत आली आणि माझ्या शेजारी पायरीवर बसली. सोहेल वरून म्हणाला, "आपाला येतंय की पोहायला. कवापासनं येतंय." मी विचारलं, "तुला माहीत होतं?" तर म्हणाला, "सगळ्यांना माहीत हाय. तुम्हालाच न्हाय."

अरीबाला विचारलं. तिनं केसांतलं पाणी पिळलं. मग म्हणाली, सहाव्या दिवशीच यायला लागलं होतं. पाण्यात गेल्यावर ती स्वतःच गाठ सैल करायची, चाचांना सांगून. मग डबा कशाला घालत होतीस? म्हणाली, "डबा काढला तर तुम्ही मला पाण्यात सोडणार नाही. तुम्हाला पोहता येत नाही ना, म्हणून तुम्ही घाबरता. आणि दोरी बांधताना तुम्ही खूश असता. तेव्हा काही विचारत नाही."

मला पोहता येत नाही हे तिला कुणी सांगितलं, हे माझ्या तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या घरी गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण त्यांनी मागू दिली नाही, चहा पुढं केला. म्हणाले, "डबा भ्यालेल्यासाठी अस्तोय, अझहर. तुझी पोरगी सव्या दिवशी भ्यायची थांबली. तू न्हाईस थांबलास. म्हून तुझ्यासाठी ठेवला हुता." चाळीस वर्षं ते पोरांना फसवून पोहायला शिकवतात. बापाला फसवायची वेळ पहिल्यांदा आली म्हणाले.

अरीबा आता बरी आहे. डॉक्टरला दाखवलं, छाती साफ आहे. कमरेचा वळ दोरीचा आहे, माझ्या दोरीचा.

मी तिला म्हटलं, हे अम्मीला सांगायचं असेल तर सांग, मी रागावणार नाही. ती म्हणाली, "तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तुम्ही मला विचारणार, काय काय सांगितलंस म्हणून." सबिना, मी पोरीला घरात हेर आलाय म्हणून बघत होतो आणि ती माझ्या घरात जपून चालत होती. नऊ वर्षांची पोरगी बापाला सांभाळत होती. मला लाज वाटते. यापेक्षा वेगळा शब्द मला सापडत नाही.

म्हणून मी सांगितलं. महिना नीट गेला नाही.

अझहर


३१ मे

सबिना,

तुझं पत्र काल मिळालं. यावेळी दीड पान. मी ते दुकानाचं शटर अर्धं ओढून वाचलं.

अरीबाला पोहता येतं हे तुला आठ तारखेलाच कळलं होतं, आणि "राहू दे डबा पाठीवर, अब्बाला बरं वाटतं" असं तूच तिला म्हणालीस. बरोबर केलंस असं मी म्हणणार नाही, चूक म्हणायलाही माझं तोंड नाही.

पण त्याखाली तू जे लिहिलंस ते मला माहीत नव्हतं. तुझ्या स्कूटीचे किलोमीटर मी रोज रात्री बघायचो, हे तुला माहीत होतं हे मला माहीत होतं. घर ते तुझ्या नोकरीची शाळा, शाळा ते घर, सात किलोमीटर. शेवटच्या वर्षात एक दिवस आकडा चुकला नाही. मी मनात म्हणायचो, बघ, लक्ष ठेवलं की माणूस सरळ चालतं. तू लिहितेस, तुझी अम्मी वडगावला अंथरुणाला खिळली होती, तेव्हा स्कूटी शाळेच्या आवारात उभी करून तू दुपारच्या एसटीनं वडगावला जायचीस, तिला भरवायचीस आणि पाचच्या आत परत येऊन स्कूटी काढायचीस. साडेतीन महिने. वडगावला गेलीस की मी दोन दिवस तोंड फुगवून बसायचो, तुझ्या अम्मीकडं माझ्या चुगल्या करतेस म्हणायचो, म्हणून. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी तुला एसटी मिळाली नाही. स्कूटीवर गेली असतीस तर पोचली असतीस, असं तू लिहिलं आहेस. एवढंच लिहून पुढच्या ओळीत पोरांच्या लशीचं लिहिलं आहेस.

ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मला माफ कर असं लिहायला घेतलं आणि खोडलं, कारण ते लिहून मलाच हलकं वाटलं असतं.

पुढच्या वर्षीचं तू ठरवत नाहीस, असं लिहिलंस. "अरीबाला विचारा. ती म्हणेल तसं." मला वाटलं होतं तू सरळ नाही म्हणशील. ते सोपं गेलं असतं.

आज सकाळी स्टँडवर तुझे मामू दोघांना घ्यायला आले होते. सोलापूरची गाडी लागायला वीस मिनिटं होती. सोहेल मामूंना बेडकाचं सांगत होता. मी अरीबाला बाकावर बसवलं आणि विचारलं, पुढच्या मे महिन्यात येशील का?

तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "खरं सांगू, का तुम्हाला बरं वाटेल ते सांगू?"

मी म्हटलं, खरं.

"मग विचार करून सांगते. आत्ता नाही."

मी बरं म्हटलं. दोनदा म्हटलं. गाडी आली, सोहेलनं खिडकी धरली, ती त्याच्या शेजारी बसली. खाली उभं राहून मला पुन्हा विचारावंसं वाटत होतं, निदान हो का नाही याचा अंदाज तरी. विचारलं नाही. गाडी निघेपर्यंत खिशात हात घालून उभा होतो.

तिचं उत्तर आलं की मला कळव, नाही असलं तरी. तिचे शब्द असतील तेच लिही, माझ्यासाठी गोड करू नकोस. आणि गॅलरीत ती तुझ्याशी काय बोलायची, ते मला कधीच सांगू नकोस.

अझहर